घोडा तिथेच आहे

माझ्या रुखवतात बुद्धिबळाचा पट होता. चिरोट्यांच्या आणि लाडवांच्या ताटांमध्ये लाकडी पट, आणि त्यावर सगळे मोहरे जागच्या जागी मांडलेले. सासरच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एका आत्याबाईंनी तर तोंडावरच विचारलं, मुलगी संसार करणार आहे की डाव मांडून बसणार आहे? माझे बाबा तिथेच उभे होते. म्हणाले, "जावईबापूंसाठी आहे. मुलीला येतं."

बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनात काट्यावर होते. गाड्या यायच्या, बाबा कापूस तोलायचे. शेतकऱ्याचं बोंडभर जास्त घेतलं नाही आणि मालकाचं बोंडभर कमी पडू दिलं नाही, म्हणून दोघांनाही ते फारसे आवडत नसत. पटावरही तसेच. स्वतः काही फुकट द्यायचे नाहीत आणि दुसऱ्याकडून फुकट घ्यायचे नाहीत. मला त्यांनी लहानपणीच खेळायला शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे काय, रोज हरवलं. एकदा माझा वजीर गेला आणि मी भोकाड पसरलं. आई आतून ओरडली, "अहो, द्या ना तिला परत, लेकरू आहे!" बाबा जागचे हलले नाहीत. मला म्हणाले, "रडायचं ते नंतर. आधी चाल कर." मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण त्यानंतर मी त्यांना जेव्हा पहिल्यांदा हरवलं ना, तेव्हा ते खरं हरवणं आहे याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. अख्ख्या गल्लीला सांगत सुटले होते मी.

लग्न होऊन आले ती थेट भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. हे मूळचे पुण्याचे, इथे ड्रॉइंग ऑफिसात. क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, मागे पेरूचं झाड. एका बाजूला केरळचे लोक, दुसऱ्या बाजूला पंजाबी, आणि अंगणात सगळ्यांची मिळून हिंदी. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा आणि मग संध्याकाळपर्यंत रस्त्यावर आम्ही बायका आणि भाजीवाले. माझ्या बोलण्यात 'सब्जी' आणि 'मटर' कधी शिरले मला कळलंही नाही. हे मात्र घरात शुद्ध पुणेरी बोलायचे आणि मला चिडवायचे, "विदर्भाचं होतंच, त्यात आता भोपाळची फोडणी!"

रुखवतातला पट माझ्या शिलाई मशीनवर बसला. दुसरी जागाच नव्हती. पहिल्या दिवाळीला आम्ही हिंगणघाटला गेलो, तेव्हा सासरे-जावई खेळायला बसले आणि डाव अर्धा राहिला, कारण गाडीची वेळ झाली. बाबा म्हणाले, "कार्डावर पुरा करू." तिथून ते सुरू झालं. एका कार्डावर एक चाल. बाबांची कार्डं नेहमी एकाच साच्यातली: चिरंजीव जावईबापूंस अनेक आशीर्वाद, इकडे सर्व क्षेम, आणि खाली चाल, अक्षरांत लिहिलेली, म्हणजे घोटाळा नको. यांचंही तसंच: तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार, आणि चाल. नियम बाबांचा होता. कार्ड पेटीत पडलं की चाल झाली. मग घरी येऊन कपाळ बडवून घेतलं तरी परत नाही.

पोस्टमन सायकलवरून येताना लांबूनच ओरडायचा, "भाभीजी, आपके पिताजी का घोड़ा आया!" त्याला सगळं ठाऊक. कार्ड उघडंच असतं, वाचायला कोण अडवणार? मला शिवायला बसायचं असलं, की पट उचलून पलंगावर ठेवायचा आणि एकही मोहरा हलू न देता परत आणायचा, ही माझी कसरत. काही डाव हे जिंकले, बरेचसे बाबा जिंकले. दोघंही जपून खेळणारे. एकेक डाव पावसाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपायचा, पण त्यात लबाडी नव्हती आणि भिडेखातर केलेली चालही नव्हती.

मग बाबांना हृदयविकाराचा झटका आला.

मी धावत गेले. बाबा वाचले होते, पण घर बदललं होतं. दादा आणि वहिनी दोघंही त्यांचं मनापासून करत होते, त्यात खोट काढायला जागा नाही. पण सगळे हळू बोलायचे. जेवणातलं मीठ गेलं, ते डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्याबरोबर घरातले वादही गेले. बाबांनी काही म्हटलं की दादा म्हणणार, "हो बाबा." वहिनी म्हणणार, "हो बाबा, तुमचंच बरोबर." गावात कुणी गेलं तर ती बातमी त्यांच्यापासून लपवायची. शेजारचे एक गृहस्थ संध्याकाळी पत्ते खेळायला यायचे, तेही सारखे हरायला लागले. मी निघायच्या दिवशी बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मी मेलो नाही नं अजून? मग हे सगळे काहून असे वागतात? हुकमाचा एक्का हातात ठेवून दुर्री टाकतात माझ्यापुढं. मला दिसत नाही काय?"

मी म्हटलं, "काळजी वाटते त्यांना, बाबा."

"काळजी औषधाची करा," बाबा म्हणाले. "समोर बसलेल्या माणसावर दया करायची नसते. ज्याच्यावर दया केली तो समोर बसलेला राहतच नाही." आणि मग म्हणाले, "जावईबापूंना सांग, नवा डाव मांडलाय. पांढरे माझे."

मी भोपाळला परतले त्याच आठवड्यात कार्ड आलं. राजापुढचं प्यादं दोन घरं. यांनीही आपलं प्यादं तसंच पुढे केलं. दुसऱ्या कार्डात बाबांनी राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं ढकललं, सरळ यांच्या प्याद्याच्या तोंडात. मी कार्ड दोनदा वाचलं. माझ्या बाबांनी उभ्या जन्मात पहिल्याच धडाक्याला प्यादं फुकट दिलं नव्हतं! पण हा खेळायचा एक जुना, दांडगा प्रकार आहे हे मला ठाऊक होतं. लहानपणी बाबांनीच दाखवला होता आणि बजावलं होतं, हा उधळ्या माणसाचा खेळ, आपला नाही. आधी द्यायचं, मोकळी वाट करायची, आणि समोरच्याला सावरायला वेळ न देता राजावर तुटून पडायचं. जमलं तर जमलं, नाहीतर दिलेलं गेलं ते गेलंच.

यांनी प्यादं घेतलं. आणखी चार-दोन चाली झाल्या. यांचं एक प्यादं धावत जाऊन बाबांच्या घोड्याला मारात धरून उभं राहिलं. आता घोडा हलवायला हवा. तर बाबांच्या कार्डावर चाल होती किल्लेकोटाची. राजा कोपऱ्यात नेऊन बसवला, हत्ती बाहेर काढला, आणि घोडा होता तिथेच मारात.

त्या संध्याकाळी हे बराच वेळ पटाकडे बघत बसले. मी कणीक मळत होते. यांनी कार्ड लिहिलं, सायकल काढली, आणि बाजारातल्या पेटीत टाकून आले. मी हात धुऊन पटाजवळ गेले तर घोडा तिथेच. यांनी भलतंच एक प्यादं एक घर सरकवलं होतं.

"अहो, घोडा घेतला नाहीत?"

हे म्हणाले, "अगं, मामांचं लक्ष नव्हतं. आजारपणातून उठलेत, नजरचूक झाली. त्यांचा घोडा असा घ्यायचा का मी? जावई आहे मी त्यांचा."

डोकं फिरलं माझं. "नजरचूक? माझ्या बाबांची? जन्मभर काट्यावर बसलेला माणूस तो! घोडा विसरला नाहीये, ठेवलाय! घेतलात की दार उघडणार त्यांचं, वजीर आणि हत्ती दोन्ही तुमच्या राजावर येणार!"

हे गडबडले. हे वाईट माणूस नव्हते हो. उलट फार चांगले, त्याचाच हा सगळा घोळ. पुण्याच्या घरातली रीत, वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढवायचा नाही, सासऱ्याचं तर नावच नको. आजारी माणसाचा घोडा घेणं म्हणजे यांना ताटातला घास ओढून घेतल्यासारखं वाटलं. आणि हिंगणघाटचं घर ज्या गोष्टीनं बाबांना रोज थोडं थोडं मारत होतं, नेमकी तीच गोष्ट यांनी इथून पंधरा पैशांच्या कार्डावर लिहून पाठवली होती. पण कार्ड पेटीत पडलं होतं.

बाबांचं उत्तर आलं. वर चिरंजीव नाही, आशीर्वाद नाही, क्षेम नाही. दुसऱ्या घोड्याची एक साधी चाल. आणि खाली तीन शब्द: घोडा तिथेच आहे.

पोस्टमन त्या दिवशी लांबून ओरडला नाही. नुसतं कार्ड हातात दिलं.

हे घरी आल्यावर मी ते यांच्यापुढे ठेवलं. यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. आशीर्वादाशिवाय आलेलं ते पहिलंच कार्ड. हे हळूच म्हणाले, "फार चुकलो गं मी." चहासुद्धा न घेता पटापाशी बसले आणि घोडा उचलून बाजूला ठेवला. बाबांनी पुन्हा मारात ठेवून दिलेला घोडा या वेळी यांनी घेतला.

पुढच्या कार्डावर आशीर्वाद परत आले. आणि त्याच्याबरोबर बाबाही आले, दणदणत. वजीर आला, हत्ती मोकळा झाला. मग एका कार्डात उंट उचलून त्यांनी यांच्या राजाच्या दारातल्या प्याद्यावर फेकला. शह! उंटही गेला, पण यांचा राजा उघड्यावर आला. सत्तरी जवळ आलेला, जिना चढताना धापा टाकणारा माणूस, आणि पटावर असा खेळत होता, की वाटावं आत्ताच दावं तोडून सुटलाय. हे ऑफिसातून आले की आधी पटाकडे. ड्रॉइंगच्या कागदावर चौकोन आखून चाली करून बघायचे. आता कुठली दयामाया? यांना स्वतःचा जीव वाचवायचा होता. मी रागावून म्हणायचे, जेवा आधी, तर म्हणायचे, "मामा श्वास घेऊ देत नाहीत गं!" मला इतकं बरं वाटायचं ते ऐकून. वहिनीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की बाबा पोस्टमनसाठी दारात जाऊन उभे राहतात, आणि शेजाऱ्यांशी पत्ते खेळायचं त्यांनी साफ बंद केलंय.

पण हे सावरले. एकेक करून यांनी बाबांचे हल्ले परतवले. द्यायचं ते सगळं बाबांनी देऊन टाकलं होतं, आणि आता त्यांच्याकडे मारायला फारसं उरलं नव्हतं. एक दिवस मला पटावर दिसलं, की यांचा हत्ती खाली उतरला की मात आहे. यांनाही दिसलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी कुठलीही चाल केली तरी सुटका नव्हती.

बाबांची चाल यायची होती. तिच्या आधी दादाची तार आली. दुसरा झटका. मग पाठोपाठ पत्र: धोका टळलाय, घरीच आहेत, पण अंथरुणातून उठायचं नाही. आणि खाली दादानं लिहिलं होतं, कृपा करून आता ती कार्डं बंद करा, त्यांना कसलाही धक्का सोसणार नाही. त्याच टपालात बाबांचं कार्डही होतं, झटक्याच्या आदल्या दिवशी टाकलेलं. अनेक आशीर्वाद, सर्व क्षेम, आणि चाल.

यांनी उत्तर लिहिलं, हत्तीची चाल, शह आणि मात, आणि ते कार्ड मशीनच्या खणात ठेवून दिलं. "मी नाही टाकणार. दादांनी हात जोडलेत. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, जावयानं सासऱ्याला अंथरुणावर..." यांनी खण ढकलून लावला. मग म्हणाले, "दुसरी एक चाल आहे. ती केली की डाव बरोबरीत सुटतो. मामांना कळणार नाही."

"कळेल," मी म्हटलं.

"अगं, आजारी आहेत ते."

"घोडा सोडलात तेव्हाही आजारीच होते. कळलं नव्हतं?"

मी तोंडानं फटकळ आहे, पण त्या दिवशी मीही घाबरले होते. दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या कार्डानं बाबांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी जन्मात कुणाला तोंड दाखवू शकले नसते, स्वतःला तर नाहीच. आणि नाही टाकलं तर? तर आम्हीही त्यांच्यापुढे दुर्री टाकणारे झालो. एक आमचंच घर उरलं होतं जिथे बाबा अजून समोर बसलेले होते. तेही गेलं असतं.

मी देवापुढे उभी राहिले, तर देवालाही काय मागावं सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला, हे कामावर गेले. मी खणातून कार्ड काढलं, चप्पल घातली आणि बाजारात गेले. पेटीत हात घातल्यावर क्षणभर बोटं सुटेनात. मग सोडलं. डबा रिकामाच असावा, कार्ड तळाला पडल्याचा आवाज आला. संध्याकाळी यांना सांगितलं. जेवताना यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

उत्तर आलं नाही. वाट बघण्यात माझा जीव अर्धा झाला. शेवटी मी पिशवी भरली आणि हिंगणघाट गाठलं. वहिनीनं दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं, आणि कुजबुजत म्हणाली, "आत जा. पण पटाला हात लावू नका. आम्हाला कुणाला लावू देत नाहीत."

बाबा उशांना टेकून बसले होते. अर्धे झाले होते. शेजारी स्टुलावर पट, आणि त्यावर आमचा डाव, यांचा हत्ती खाली उतरलेला, बाबांचा राजा कोपऱ्यात अडकलेला. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की मी दारातच थांबले.

"ये माय, ये! बघितलं, तुझ्या नवऱ्यानं काय केलं?" आवाज खोल गेला होता, पण ऐट तीच. "डॉक्टरला दाखवलं. दूधवाल्याला दाखवलं. त्याला काही समजलं नाही, पण दाखवलं. सहा महिने झाले, हे लोक माझ्याशी अशा आवाजात बोलतात जसा काही बाजूच्या खोलीत मुडदा आहे. एकानं, एका माणसानं मला धरून आपटलं! आहाहा!"

मी खाटेच्या कडेला बसले आणि ढसाढसा रडले. भीती होती ती सगळी बाहेर आली. बाबांनी मला रडू दिलं. मग हात लांब करून पट जवळ ओढला आणि त्यावरचे मोहरे, ज्यांना कुणाला हात लावू देत नव्हते ते, स्वतःच गोळा करून नव्यानं मांडायला लागले. एक प्यादं खाली पडलं, मी उचलून दिलं.

"काळे तुझे," म्हणाले. "जावईबापूंना कार्ड लिहायचं राहिलं, लिहिता येत नाही आता. तू सांग. हरलो म्हणाव."

दुपारची वेळ, घरात सगळे निजलेले. आम्ही खेळलो. बाबा फार थकत होते. एकेक चाल करून डोळे मिटायचे, मग उघडायचे. तरी बरा डाव चालला होता. आणि मग त्यांनी वजीर उचलला आणि सरळ माझ्या घोड्याच्या मारात नेऊन ठेवला.

मी पटाकडे बघत राहिले. हा डाव नव्हता. मागे दार उघडलेलं नव्हतं, हत्ती दबा धरून नव्हता, काहीच नव्हतं. ही खरीच नजरचूक होती. माझ्या बाबांची. मी वर पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांना अजून कळलं नव्हतं. किंवा आत्ताच कळत होतं.

मी घोडा उचलला आणि वजीर घेतला.

बाबांनी वजिराच्या जागी उभ्या माझ्या घोड्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले, "चुकलंच माझं." मग मान हलवली, समाधानानं, काटा बरोबर उभा राहिला की हलवायचे तशी. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी पट माझ्याकडे थोडा सरकवला.

"रडायचं ते नंतर," म्हणाले. "आधी डाव पुरा कर."

मी डाव पुरा केला.